सतरा हजार रुपयांचं वाचन

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि इथे वसले, असं परंपरा सांगते. चिंध्यांचा लगदा करून हातानं कागद काढण्याची कला या गावानं शतकानुशतकं सांभाळली. त्याच रस्त्यानं पुढे गेलं की वेरूळ लागतं. भिलारला २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, पुढे राज्य सरकारनं ती योजना वाढवली आणि त्या यादीत वेरूळचं नाव आलं. थोडक्यात, छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला कागदाचं अप्रूप कुणी शिकवायला नको. तरीही औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात, विद्यापीठाच्या आवारात, वाळूजच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या बसमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो: ई-रीडर घ्यावा का?

प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे. निवृत्त शिक्षक, ज्यांना बारीक टाइप वाचवत नाही. तिशीतले नोकरदार, ज्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आता कपाट मावत नाही. आणि विद्यार्थी, ज्यांना खरं तर ई-रीडर नको असतो, फुकटची पीडीएफ हवी असते. तिघांना एकच उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कुणी कागदाच्या वासावर बोलतं, कुणी ‘खिशात हजार पुस्तकं’ म्हणतं. दोन्ही बाजूंचा मला कंटाळा आला आहे. वास अत्तरालाही असतो, आणि खिशातली हजार पुस्तकं वाचायला आयुष्य हजार पुस्तकांचं लागतं. म्हणून हिशेब जरा वेगळ्या पद्धतीनं मांडून पाहू.

आधी यंत्र काय आहे ते. ई-रीडरचा पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा स्वतः उजळत नाही. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुप्यांत काळे आणि पांढरे कण. विजेचा हलका धक्का दिला की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. पान उलटेपर्यंत वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. रात्री वाचायला कडेचे बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, थेट डोळ्यांवर येत नाही. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर बसूनही अक्षर स्वच्छ दिसतं. तिथे मोबाइल हात टेकतो.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे ‘डिजिटल वाचन’ म्हणजे मोबाइलवरचं वाचन असंच धरून चालतात आणि मग मोबाइलचे सगळे दोष ई-रीडरच्या माथी मारतात. झोप उडते हा आरोप त्यातलाच. त्यासाठी ज्या अमेरिकी अभ्यासाचा नेहमी हवाला देतात, तो २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि त्यात लोकांना वाचायला दिला होता आयपॅड. ई-रीडरच्या पडद्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरा अभ्यास मात्र जास्त गंभीरपणे घ्यावा असा आहे. २०१८ साली ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक एकत्र घेऊन तपासणी झाली. माहितीपर मजकूर, त्यातही वेळेची घाई असताना, कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं. गोष्ट किंवा कादंबरी वाचताना तसा फरक आढळला नाही. अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवावं, बसमध्ये रहस्यकथा वाचणाऱ्यांनी दुसरं.

आता बाजार. भारतात ई-रीडर आणण्याचा सुरुवातीचा एक ठळक प्रयत्न देशी होता, हे आज कुणाच्या लक्षातही नाही. इन्फिबीम या अहमदाबादच्या कंपनीनं २०१० साली ‘पाय’ नावाचं यंत्र काढलं होतं आणि भारतीय भाषा वाचता येतात हीच त्याची जाहिरात होती. ते टिकलं नाही. २०१२ मध्ये अमेझॉनच्या किंडलचं भारतीय दुकान उघडलं. त्याच वर्षी फ्लिपकार्टनं ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ च्या अखेरीस तो विभाग बंद करून ग्राहक कोबो या कंपनीकडे सोपवले. डेलीहंट या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं अगदी स्वस्तात मिळत, तेही दुकान गेलं. मधे काही काळ किंडलची यंत्रंच भारतात मिळेनाशी झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये नवं पेपरव्हाइट इथे आलं, किंमत १६,९९९ रुपये.

ही रक्कम जरा हातात धरून पाहा. मराठी कादंबरी किंवा आत्मचरित्र साधारण तीनशे रुपयांचं धरलं आणि प्रदर्शनातली वीस टक्के सवलत वजा केली, तर एक पुस्तक २४० रुपयांना पडतं. सतरा हजारांत अशी सत्तर पुस्तकं येतात. महिन्याला दोन वाचणाऱ्याची जवळजवळ तीन वर्षांची बेगमी झाली. उलट यंत्र घेतलं, तर सतरा हजार खर्चूनही पुस्तक अजून एकही घेतलेलं नसतं. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आहे: २०१८ पासून छापील आवृत्ती असेल तर ५ टक्के, नसेल तर १८ टक्के. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक काहीच नसलेल्या वस्तूवर जास्त कर, ही आपल्या कररचनेची गंमत.

इंग्रजी वाचणाऱ्याला हा हिशेब फिरवता येतो. परदेशी प्रकाशकांची पुस्तकं इथे महाग, दुकानात मागवली तर येतील तेव्हा येतील, आणि तीच पुस्तकं यंत्रावर पुष्कळदा निम्म्या किमतीत सापडतात. जुनं अभिजात साहित्य प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, आणि तो उद्योग १९७१ पासून चालू आहे. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. वर्षाला वीस-पंचवीस इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याचं यंत्र दोन-तीन वर्षांत फिटतं. त्यानं फार विचार करू नये, घ्यावं.

मराठी वाचकाचं काय, हा खरा प्रश्न, आणि इथे उत्तर तितकं सरळ नाही.

अमेझॉननं डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांची ई-पुस्तकं किंडलवर आणली. तेव्हा वाटलं होतं, चार-पाच वर्षांत मराठीतलं सगळं महत्त्वाचं तिथे येईल. तसं झालं नाही. काही प्रकाशकांनी मन लावून पुस्तकं दिली, काहींनी स्वतःची अ‍ॅप काढली, काहींनी ‘चोरी होईल’ म्हणून हात आखडता घेतला. पुण्याच्या बुकगंगाकडे मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण तिथे घेतलेलं पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं, किंडलवर नाही. अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर मिळतात, त्यांत अशी अ‍ॅप घालता येतात, पण ते आणखी महाग पडतात. म्हणजे मराठी वाचकानं यंत्र घेण्याआधी करायची गोष्ट अगदी साधी: आपल्याला पुढच्या वर्षात वाचायची असलेली वीस पुस्तकं कागदावर लिहून काढा आणि त्या यंत्राच्या ई-दुकानात शोधा. निम्मी सापडली नाहीत तर यंत्राचा मोह आवरा.

पुस्तकं का सापडत नाहीत याचं कारण प्रकाशकाच्या अनास्थेत जितकं आहे, तितकंच त्याच्या संगणकात आहे. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये झाली. त्यात ‘क’ दिसतो खरा, पण संगणकाच्या दृष्टीनं ते कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. त्या फाइलचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळतील अशी अक्षरं, करायला घेतलं की रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. पाचशे पानांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं. ज्या पुस्तकाची आवृत्तीच पाचशे किंवा हजार प्रतींची, त्याच्यासाठी हा खर्च कोण करणार? मग सोपी वाट काढतात: छपाईची पीडीएफ तशीच चढवतात. पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि सहा-सात इंची यंत्रावर वाचक पान डावी-उजवीकडे ढकलत बसतो. वाचनाचा आनंद तिथेच संपतो.

जिथे युनिकोड नीट आहे, तिथेही आपल्या डोळ्याला खटकणाऱ्या गोष्टी राहतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ शासनानं २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवले, पण परदेशी यंत्रांवरचा देवनागरी फॉन्ट बहुधा हिंदी वळणाचा असतो. यंत्रासोबत मराठी शब्दकोश येत नाही. कुणी म्हणेल, या बारीकसारीक तक्रारी आहेत. असतील. पण तीनशे पानं ज्या अक्षरात वाचायची ते अक्षर आपलं वाटावं, एवढी अपेक्षा सतरा हजार मोजणाऱ्यानं ठेवली तर बिघडलं कुठे? आणि हे गाऱ्हाणं एकट्या मराठीचं नाही. या शहराच्या जुन्या भागात उर्दू वाचणारे कमी नाहीत. नस्तालिक वळणाची उर्दू ई-रीडरवर आणणं देवनागरीपेक्षाही अवघड. ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावरची हजारो उर्दू पुस्तकं म्हणजे पानांची छायाचित्रंच आहेत. ती संगणकावर छान वाचता येतात, छोट्या पडद्यावर नाही.

मालकीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ई-पुस्तक आपण ‘विकत घेतो’ असं म्हणतो, प्रत्यक्षात वाचण्याचा परवाना घेतो. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉननं हक्कांच्या वादामुळे ऑर्वेलचं ‘१९८४’ ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकलं. नेमकं तेच पुस्तक निवडलं जावं, हा दैवाचा विनोद. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून तारेनं यंत्रात घालण्याची सोय काढून घेण्यात आली. छापील पुस्तक मित्राला देता येतं, मुलीच्या सासरी पाठवता येतं, रद्दीत घालता येतं. मित्र ते परत करत नाही, ही वेगळी गोष्ट. पण निदान ते त्यानं बुडवलेलं असतं, कंपनीनं नाही.

इतकं वाचून मी कागदाच्या बाजूचा आहे असं वाटलं असेल, तर एक प्रकरण मांडतो. ते याच शहराच्या जिव्हाळ्याचं आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी पुस्तकांची दुकानं लागतात. विद्यापीठ १९५८ चं, नाव मिळालं १९९४ साली, मधे वर्षानुवर्षांचा संघर्ष. त्या दिवशी तिथे खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेतात. मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा तिथे उभं राहावं. या वाचकाला सर्वांत जास्त हवं असतं ते बाबासाहेबांचं मूळ लेखन. महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून ‘लेखन आणि भाषणे’चे खंड काढायला सुरुवात केली. किंमत कमी, छपाई बरी, मागणी प्रचंड. आणि नेमके हेच खंड वर्षानुवर्षं मिळत नसत. नऊ लाख प्रतींचा निर्णय झाला, कागद खरेदी झाला, चार वर्षांत छापल्या जेमतेम ३३ हजार आणि बाकीचा कागद गोदामात पडून, अशी बातमी २०२१ मध्ये आली. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची स्वतःहून दखल घेतली. सरकारला पुस्तक छापायला न्यायालयानं सांगावं लागलं.

त्याच काळात इंग्रजी खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवता येत होत्या, आजही येतात. नागसेनवनातल्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला बाजारात नसलेला खंड रात्री बारा वाजता मिळाला, तो या पीडीएफमुळे. कागदाचा गोडवा गाताना हे विसरणं अप्रामाणिकपणाचं होईल. जे पुस्तक छापील मिळतच नाही, त्याच्या बाबतीत ‘कागद की पडदा’ हा प्रश्नच उरत नाही. फक्त एवढं ध्यानात घ्यावं की या पीडीएफ मोठ्या पानांच्या आहेत. छोट्या ई-रीडरवर त्या वाचवत नाहीत, दहा इंची टॅबलेट किंवा संगणक हवा.

डोळ्यांची गोष्टही अशीच, वादापलीकडची. मोतीबिंदूनंतर, साठी-सत्तरीत, बारीक टाइपाचं सहाशे पानी पुस्तक धरून बसणं मनगटाला आणि डोळ्याला दोन्हींना झेपत नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ झोपून वाचून पाहा, मग कळेल. यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि वजन पुस्तकाच्या निम्म्याहूनही कमी. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी तर डिजिटल मजकूर ही मोठी वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यानं अशा प्रती करायला मोकळीक दिली, २०१४ मध्ये दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला, आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ हे त्यांच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. पण तिथेही अट तीच, मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. पानाचा नुसता फोटो यंत्राला थेट वाचून दाखवता येत नाही. ऐकण्याचं म्हणाल तर बोलक्या पुस्तकांचं स्टोरीटेल अ‍ॅप २०१७ मध्ये आल्यापासून मराठी श्रोता वाढला आहे, आणि स्वयंपाकघरात किंवा वाळूजच्या रस्त्यावर अडकलेल्या गाडीत पुस्तक ऐकणाऱ्यांना मी वाचकच मानतो.

फुकट आणि कायदेशीर मराठी किती आहे, हेही लोकांना माहीत नसतं. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं, मराठी विश्वकोश, विकिस्रोत, बालभारतीची पाठ्यपुस्तकं हे सगळं उघडं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. हरिभाऊ आपटे, गडकरी तर कधीचेच मोकळे. टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफ मात्र वेगळ्या. हयात लेखकाचं तीनशे रुपयांचं पुस्तक दोनशे जणांच्या गटात टाकणाऱ्याला आपण समाजसेवा करतो असं वाटतं. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत दोनशे गिऱ्हाइकं गेली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्या वादात एक तिसरा गडी कुणी धरतच नाही: ग्रंथालय. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि सरकारी अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं आहेत. आपल्या शहरात बळवंत वाचनालय आहे, शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. वर्गणी इतकी की तिच्यात महिन्याचा मोबाइल रिचार्जही होणार नाही. मुलांसाठी रीड अँड लीड फाउंडेशननं २०२१ पासून वस्त्यावस्त्यांत मोहल्ला बाल वाचनालयं उभी केली, तीही ऐन महामारीत, जेव्हा सगळे मुलांच्या हातात मोबाइल देत होते. परदेशात ग्रंथालयाचं कार्ड दाखवून ई-पुस्तकही घरबसल्या उसनं मिळतं. मराठी पुस्तकांसाठी तशी व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही. अनुदानात ती बसवली, तर ई-रीडर घेण्याचं पहिलं सबळ कारण मराठी वाचकाला मिळेल.

तोवर माझा निवाडा असा. प्रामुख्यानं मराठी वाचत असाल आणि डोळे धड असतील, तर सतरा हजार यंत्रावर घालू नका. वाचनालयाची वर्गणी भरा आणि उरलेल्या पैशांत जवळ ठेवावीशी वाटतात ती पुस्तकं घ्या, शक्यतो आपल्याच शहरातल्या दुकानातून. निम्मं वाचन इंग्रजी असेल किंवा घरात टाइप वाचवत नाही असं कुणी असेल, तर ई-रीडर खुशाल घ्या. पण त्यांच्यासाठी मराठी पुस्तकं आधी शोधून ठेवा. परीक्षेचा अभ्यास कागदावर. लहान मुलांच्या हाती कागदच.

जाता जाता एक विनंती, जुन्या संभाजीनगरकरांना. गंगाधर पानतावणे यांनी या शहरातून चालवलेलं ‘अस्मितादर्श’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, अनंत भालेरावांच्या संपादनाखालचा दैनिक ‘मराठवाडा’ यांचे जुने अंक अजून कित्येक घरांच्या माळ्यावर असतील. ते स्कॅन करायलासुद्धा आधी एक कागदी प्रत शाबूत लागते. घर बदलताना, वाडा पाडताना ते गठ्ठे रद्दीवाल्याला देण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा साहित्य परिषदेला एकदा विचारा.